रोमची रथशर्यत: दारात जिंकायची की वळणावर?

आडवाट (धागाकर्ता)
गुरुवार, रात्री ९:४२

ग्लॅडिएटरांच्या धाग्यावर दोघा-तिघांनी लिहिलं होतं की रोमन लोकांचं खरं वेड म्हणजे कोलोसियम. तिथेच वाद घातला असता तर त्या धाग्याचं खोबरं झालं असतं, म्हणून हा वेगळा काढतोय.

कोलोसियममध्ये पन्नास हजारांच्या आसपास माणसं मावायची. सर्कस मॅक्सिमसमध्ये दीड लाख. हा आकडा ऑगस्टसच्या काळात रोममध्ये राहिलेल्या डायोनिसियसचा आहे. थोरला प्लिनी हा रोमन लेखक अडीच लाख म्हणतो, पण प्लिनीबुवांचा हात आकड्यांच्या बाबतीत सढळ, तेव्हा दीड लाखच धरू. अहमदाबादचं क्रिकेटचं स्टेडियम १ लाख ३२ हजारांचं आहे, यावरून अंदाज बांधा. शिवाय इ.स. ३५४ चं एक रोमन पंचांग आपल्यापर्यंत पोचलंय. त्यात खेळांचे म्हणून १७७ दिवस आहेत. त्यातले ग्लॅडिएटरांच्या वाट्याला १०, रथांच्या वाट्याला ६६, बाकी सगळे नाटकांचे. संपला वाद.

आता मैदान. पॅलाटाइन आणि अव्हेंटाइन या टेकड्यांमधली दरी, लांबी ६०० मीटरहून थोडी जास्त. आधी लोक उतारावर बसून बघायचे, मग लाकडी बाकं आली, ती जळली, पुन्हा बांधली. इ.स. ६४ ची ती कुप्रसिद्ध आगही या मैदानाला लागून असलेल्या दुकानांतच लागली. सम्राट ट्राजनने इ.स. १०३ च्या सुमारास सगळं पक्कं बांधून काढलं. मैदानाच्या मधोमध लांबलचक चौथरा, त्याला हल्ली सगळे स्पिना म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना शंकूसारखे तीन-तीन खांब, त्या मेटा. चौथऱ्याला डावीकडे ठेवून रथ सात फेऱ्या मारायचे, म्हणजे पाच किलोमीटरच्या आसपास. फेऱ्या मोजायला चौथऱ्यावर अंडी मांडलेली असत. ती इ.स.पू. १७४ पासून होती. तरी लोक मोजणीत घोळ घालतात हे बघून अग्रिपाने इ.स.पू. ३३ मध्ये डॉल्फिनही लावले.

सिनेमांत आणि चित्रांत सगळा भर वळणावर असतो. चाक निखळतं, रथ उलटतो, मागचे त्याच्यावर येऊन आदळतात. तसं व्हायचंच, नाही कोण म्हणतो? पण माझं म्हणणं असं की निम्म्याहून जास्त निकाल दारातच लागायचा, आणि मैदान बांधणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

मैदानाच्या एका टोकाला बारा दारं, म्हणजे बारा खणांची ओळ. कोणता खण कोणाला, हे चिठ्ठ्यांसारखं ठरायचं: भांड्यात गोळ्या घालून भांडं फिरवायचे. खेळ भरवणारा मानकरी वरून पांढरा रुमाल टाकणार, की दोरीला हिसका बसून सगळी दारं एकदम उघडणार. इथे एक अडचण आहे. चौथऱ्याच्या उजव्या अंगाने धावायचं आणि डावीकडे वळायचं. मग दारं सरळ रेषेत ठेवली तर उजवीकडच्याला अंतर कमी आणि डावीकडच्याला जास्त पडणार. म्हणून दारं कमानीत बांधली, ती कमानही तिरकी, म्हणजे प्रत्येक दारापासून चौथऱ्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर सारखं.

हे सगळ्यात छान दिसतं ते रोमबाहेर अप्पियन रस्त्यावर, सम्राट मॅक्सेंटियसच्या मैदानात. सर्कस मॅक्सिमसपेक्षा लहान, इ.स. ३१० च्या आसपासचं, दहाएक हजार लोकांचं. मॅक्सेंटियस इ.स. ३१२ मध्ये मिल्वियन पुलाच्या लढाईत मेला आणि मैदान तसंच पडून राहिलं, म्हणून टिकलं. त्याचा नकाशा पहिल्यांदा पाहिला की वाटतं, गवंड्याचा ओळंबा चुकला असावा. चौथरा मैदानाच्या बरोबर मधे नाही, किंचित वाकडा आहे. पण हा वाकडेपणा मोजून-मापून आणलाय. दारांतून बारा रथ एकदम सुटतात तेव्हा उजव्या अंगाची वाट सुरुवातीला रुंद हवी, पुढे रथ मागे-पुढे झाले की अरुंद चालते. दारांच्या वरच्या भागात आणि प्रेक्षकांच्या बैठकीखालच्या कमानींत अख्खे मातीचे घडे चिणलेले आहेत, ओझं कमी व्हावं म्हणून. भिंत पडली तिथे ते फुटके घडे आजही बाहेर डोकावतात.

आणखी एक नियम. दारातून सुटल्यावर जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेषेपर्यंत प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यातच राहायचं. रेषा ओलांडली की मोकळं रान. मग बाराही जण चौथऱ्याच्या कडेला चिकटायला डावीकडे घुसणार, कारण आतली वाट सगळ्यात आखूड. तिथे जो पुढे, त्याला पहिलं वळण आतून मिळणार.

आता पुरावा. सारथी गायस अप्पुलेयस डायोक्लिस, लुसिटानियाचा, म्हणजे आजच्या पोर्तुगाल-पश्चिम स्पेनकडचा. रथांच्या मंडळ्या रंगांवरून ओळखल्या जात; याची इ.स. १२२ मध्ये पांढऱ्यांकडून सुरुवात, मग हिरवे, मग लाल. २४ वर्षं रथ हाकला आणि ४२ व्या वर्षी धडधाकट निवृत्त झाला. या धंद्यात हीच मोठी गोष्ट. त्याच्या शिलालेखात ४२५७ शर्यती आणि १४६२ विजय नोंदवलेत. आणि बहाद्दराने विजयांची वर्गवारीही देऊन ठेवलीय: सुरुवातीपासून पुढे राहून ८१५, मागून येऊन ६७, आधी दुसऱ्याला पुढे जाऊ देऊन ३६, अगदी शेवटी हिसकावून ५०२, इतर प्रकारे ४२. बेरीज करून बघा, जमते.

१४६२ पैकी ८१५. निम्म्याहून जास्त वेळा जो सुरुवातीला पुढे, तोच शेवटी पुढे. म्हणून म्हणतो, दारात.

---

दुपारची_झोप
गुरुवार, रात्री १०:०५

भारी! तो जुना हॉलिवूडपट लहानपणी दूरदर्शनवर बघितलेला, त्यातली शर्यत अजून डोळ्यांसमोर आहे. चाकाला पाती लावलेली, रथ म्हणजे नुसते लोखंडी रणगाडे. खरे रथ असेच होते का?

---

आडवाट
गुरुवार, रात्री १०:३१

@दुपारची_झोप, छे हो. शर्यतीचा रथ म्हणजे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी लाकडी चौकट, त्यावर कातडं नाहीतर वेताचं विणकाम, आणि दोन छोटी चाकं. दणकट काही नाहीच. टायबर नदीत सापडलेली एक छोटी ब्राँझची प्रतिकृती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीत कठड्याची उंची बघाल तर सारथ्याच्या मांड्यांपर्यंतही नीट येत नाही. सगळी मदार वजन कमी ठेवण्यावर.

त्यामुळे सारथ्याला आधार कशाचा, तर लगामांचा. रोमन सारथी लगाम कमरेला गुंडाळून बांधायचे आणि अख्खं अंग मागे टाकून रथ हाकायचे. रथ उलटला की घोडे त्याला फरफटत नेणार. म्हणून पट्ट्यात एक वाकडा सुरा खोचलेला, लगाम कापायला. तेवढा वेळ मिळाला तर.

ग्रीक सारथी मात्र लगाम हातातच धरायचे.

---

ओवी_क
गुरुवार, रात्री ११:१८

लेख छान, पण मी वळणाच्या बाजूने. तुमच्या डायोक्लिसच्या आधी हजारेक वर्षांपासून ग्रीक लोक हेच सांगतायत!

इलियडच्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर शर्यती होतात. त्यात म्हातारा नेस्टर आपल्या मुलाला, अँटिलोकसला, सल्ला देतो. तुझे घोडे मंद आहेत, असं तोंडावर सांगतो आणि म्हणतो, पण युक्तीने जिंकता येतं. खुंटापाशी डावा घोडा इतका आत घाल की चाकाचा तुंबा खुंटाला घासतोय असं वाटलं पाहिजे. उजव्याला मात्र चाबूक आणि ढिला लगाम. आणि दगडाला शिवू नकोस, नाहीतर घोडे जखमी, रथाचे तुकडे आणि इतरांना आनंद. याहून नेमकं वळणाचं वर्णन मला तरी माहीत नाही.

गंमत म्हणजे प्रत्यक्ष शर्यतीत अँटिलोकस वळणावर काही करतच नाही. परतीच्या वाटेवर, जिथे पावसाच्या पाण्याने रस्ता खचून अरुंद झालाय, तिथे तो मेनेलॉसच्या रथाला खेटून रथ घालतो. मेनेलॉस ओरडतो, अरे वेड्या, दोघंही मरू! आणि शेवटी घाबरून तोच मागे राहतो. नंतर बक्षिसावरून भांडण. अगदी आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटसारखं.

दुसरं म्हणजे ग्रीक मैदानात मधे चौथरा नव्हताच. दोन टोकांना खांब, बाकी सगळं मोकळं. ऑलिंपियात चार घोड्यांच्या रथांच्या बारा फेऱ्या, म्हणजे पुढे गेलेले रथ परत येताना मागच्यांच्या समोरून येणार. ग्रीक कवी पिंडारने सायरीनचा राजा अर्केसिलास याच्या इ.स.पू. ४६२ मधल्या डेल्फीतल्या विजयावर स्तोत्र लिहिलं. त्यात सारथ्याचं कौतुक काय, तर चाळीस जण पडले आणि त्याचा रथ जसाच्या तसा परत आला. चाळीस! हे काही दारात पडले नसणार.

---

आडवाट
गुरुवार, रात्री ११:५०

@ओवी_क, चाळीसचा मुद्दा मान्य. पण ऑलिंपियात दाराची काळजी रोमपेक्षा काकणभर जास्तच घेतली होती. ग्रीक प्रवासी-लेखक पॉसेनियसने लिहून ठेवलंय: रथ सोडायची जागा जहाजाच्या नाळेसारखी, टोक मैदानाकडे. दोन्ही बाजूंना खण. टोकावर खांबावर ब्राँझचा डॉल्फिन, आणि वेदीवर पंख पसरलेला ब्राँझचा गरुड. कळ फिरवली की गरुड वर उडणार आणि डॉल्फिन खाली पडणार, म्हणजे लांबच्या प्रेक्षकालाही कळलं की सुटले. मग दोऱ्या एकदम सोडायच्या नाहीत. सगळ्यात मागच्या खणांच्या आधी, ते पुढच्यांच्या रेषेत आले की पुढच्यांच्या, असं करत टोकापर्यंत. सगळे एका रेषेत येतात तेव्हा शर्यत खरी सुरू. हे ज्याने बांधलं त्या क्लिओइटासने अथेन्समधल्या आपल्या एका पुतळ्यावर या शोधाचा अभिमानाने उल्लेख केला होता.

वळणाची भीती होतीच म्हणा. तिथे एका ठिकाणी टाराक्सिपस नावाची वेदी होती, घोडे बुजवणारा. त्या जागी येताच घोडे उगाच बिथरायचे म्हणून सारथी आधीच नवस बोलायचे.

---

घाटावरचा
शुक्रवार, सकाळी ७:२०

वाचून आमचा घाट आठवला. आम्ही जुन्नर-खेडकडचे. आमच्याकडे बैलगाड्याला वळण हा प्रकारच नाही. सरळ चढ, पुढे घोडी, मागे बैल, आणि सेकंदावर निकाल. घड्याळ लावलेलं, त्यामुळे सगळ्यांनी एकदम सुटायची भानगडच नाही, एकेक बारी. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला बंद केली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तेव्हा गावात दिवाळी होती.

एक विचारायचं होतं. आमच्यात नाव होतं ते गाडामालकाचं. पुकारा मालकाच्या नावाचा, ढाल मालकाला. रोममध्ये बक्षीस कोणाला? सारथ्याला का घोड्यांच्या मालकाला?

---

ओवी_क
शुक्रवार, सकाळी ९:०२

@घाटावरचा, ग्रीसमध्ये अगदी तुमच्यासारखं. ऑलिंपियाचा मुकुट मालकाला. त्यामुळेच बाईला जिंकता आलं! स्पार्टाच्या राजघराण्यातली किनिस्का, तिचे घोडे इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये पहिले आले. बायकांना तिथे स्पर्धेत उतरायची मुभा नव्हती, पण घोडे तिचे, मग मुकुट तिचा. तिने पुतळा बसवला आणि खाली कोरून ठेवलं की अख्ख्या ग्रीसमध्ये हा मुकुट मिळवणारी मी एकटी बाई.

आणि अथेन्सचा पुढारी अल्किबियाडिस! इ.स.पू. ४१६ मध्ये एकट्याने सात रथ उतरवले. इतिहासकार थ्युसिडिडिसच्या म्हणण्याप्रमाणे पहिला, दुसरा आणि चौथा नंबर. पैसेवाल्यांचा खेळ होता हो.

रोमचा सम्राट नीरो, त्याचं तर काय सांगावं. इ.स. ६७ मध्ये ऑलिंपियात दहा घोड्यांचा रथ घेऊन स्वतः उतरला, रथातून पडला, परत चढवला, तरी शर्यत पुरी करता आली नाही. पंचांनी विजेता कोण ठरवला ते ओळखा.

---

हिशेबनीस
शुक्रवार, सकाळी ११:४४

डायोक्लिस म्हणजे तोच ना, ज्याचा फॉरवर्ड फिरतो, 'इतिहासातला सर्वांत श्रीमंत खेळाडू, आजच्या हिशेबाने १५ अब्ज डॉलर'? मेस्सी-रोनाल्डो त्याच्यापुढे भिकारी वगैरे. खरं आहे का हे?

---

आडवाट
शुक्रवार, दुपारी १:१०

@हिशेबनीस, शिलालेखातला आकडा खरा आहे: ३ कोटी ५८ लाख ६३ हजार १२० सेस्टर्स (रोमन नाणं). डॉलरचा आकडा मात्र कशाचा कशाला मेळ नाही. बाजारभाव लावला तर एक उत्तर येतं, मजुरी लावली तर दुसरं. शिवाय ही बक्षिसांची एकूण रक्कम. त्यातली त्याच्या खिशात किती गेली, हे दगडावर कोरलेलं नाही. तुलना करायचीच तर त्याच काळातली करा. रोमन फौजेतल्या साध्या शिपायाला तेव्हा वर्षाला १२०० सेस्टर्स मिळत. भागाकार केला तर जवळपास ३०,००० शिपायांचा वर्षाचा पगार. एवढं पुरे आहे की.

@घाटावरचा, रोममध्ये मामला वेगळा. घोडे, तबेले, वैद्य, शिकवणारे, रथ दुरुस्त करणारे, सगळं चार रंगांच्या मंडळ्यांचं: लाल, पांढरे, निळे, हिरवे. खेळ भरवणारा सरकारी अधिकारी त्यांच्याकडून रथ भाड्याने घ्यायचा. सारथी बहुतेक गुलाम किंवा सुटका झालेले गुलाम. पैसा आणि नाव सारथ्याला मिळे, इभ्रत मात्र नाही. प्रतिष्ठितांच्या नजरेत तो नट आणि ग्लॅडिएटर यांच्याच पंगतीतला.

आणि सगळे काही डायोक्लिसएवढे नशीबवान नव्हते. क्रेसेन्स नावाचा आफ्रिकेतला पोरगा तेराव्या वर्षी रथावर चढला, बाविसाव्या वर्षी गेला. स्कॉर्पस २०४८ वेळा जिंकला आणि सत्तावीस वर्षांचा होण्याआधी मेला. मार्शल कवीने त्याच्यावर लिहिलंय की मृत्युदेवतेने त्याचे विजय मोजले आणि तिला वाटलं हा म्हाताराच असणार.

---

चहाबाज
शुक्रवार, दुपारी २:३०

खूप लांब झालंय. कोणी चार ओळींत सांगेल का?

---

दुपारची_झोप
शुक्रवार, दुपारी २:३४

@चहाबाज, घोडे पळाले, माणसं मेली, रंगांवरून मारामारी झाली. तीनच ओळी झाल्या, चौथीत चहा घ्या.

---

निळी_शाई
शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

मारामारीकडे कोणी वळलंच नाही, म्हणून मी येते.

दार की वळण हा वाद सारथ्याचा. दीड लाखांतल्या किती जणांना त्याचं पडलेलं होतं? धाकट्या प्लिनीने (थोरल्याचा भाचा) एका पत्रात यावर छान चिडचिड केलीय. तो म्हणतो, यांना घोड्यांचा वेग किंवा सारथ्याचं कसब आवडत असतं तर समजू शकलो असतो. पण यांचं प्रेम कापडावर आहे. ऐन शर्यतीत सारथ्यांनी रंगांची अदलाबदल केली तर हे लोक ज्याच्या नावाने कंठशोष करत होते त्याला तिथल्या तिथे सोडून देतील. आयपीएलचा लिलाव झाला की दर वर्षी मला हे पत्र आठवतं.

थोरल्या प्लिनीकडे तर खजिना आहे. व्होल्टेराचा सिसिना नावाचा एक रथमालक होता. तो रोमला येताना गावाकडच्या पाकोळ्या पकडून आणायचा आणि जिंकलेल्या रंगात रंगवून सोडून द्यायचा. त्या आपल्या घरट्याकडे परत जाणार, की मित्रमंडळींना निकाल कळला. लालांचा फेलिक्स नावाचा सारथी मेला तेव्हा त्याच्या एका भक्ताने चितेत उडी घेतली. यावर विरोधी रंगवाल्यांनी काय म्हणावं? तो काही भक्ती-बिक्तीने नाही पडला, धूप-अत्तरांच्या वासाने चक्कर येऊन पडला.

आणि मग कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथे लाल-पांढरे नावापुरते उरले, खरे दोनच, निळे आणि हिरवे. सम्राज्ञी थिओडोराचा बाप हिरव्यांकडे अस्वलं सांभाळायचा. तो वारल्यावर हिरव्यांनी घराला वाऱ्यावर सोडलं, निळ्यांनी आधार दिला, आणि पोरगी जन्मभर निळी राहिली. इ.स. ५३२ च्या जानेवारीत फाशी देताना दोर तुटून एक निळा आणि एक हिरवा असे दोघं वाचले. त्यांना माफ करा म्हणून दोन्ही बाजू एक झाल्या. आयुष्यभर एकमेकांची डोकी फोडणारे एका सुरात ओरडायला लागले, तेव्हाच सम्राट जस्टिनियनने ओळखायला हवं होतं. शहर जाळलं, मैदानातच दुसऱ्याला सम्राट म्हणून बसवलं. त्याचे सेनापती बेलिसारियस आणि मुंडस फौज घेऊन आत शिरले आणि मैदानाच्या भिंतींनीच लोकांना कोंडून ठेवलं. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस मेलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या वर देतो. आज दिसते ती हागिया सोफिया त्या जळिताच्या राखेवर उभी आहे, इ.स. ५३७ मध्ये पुरी झाली.

तुमच्या बारा दारांनी शर्यतीत न्याय केला असेल. बाहेर पडायला मात्र दारं पुरली नाहीत.

---

मेघदूत२
शुक्रवार, रात्री ८:५०

इस्तंबूलला गेलो होतो तेव्हा गाइडने 'हे हिप्पोड्रोम' म्हणून सुलतानअहमद चौक दाखवला. गवत, बाकडी, मक्याची कणसं विकणारे. मैदान असं काहीच दिसलं नाही. थिओडोसियसचा ओबेलिस्क मात्र मस्त. त्याच्या चौथऱ्यावर राजा आपल्या खास सज्ज्यात बसलेला कोरलाय, हातात विजेत्यासाठी हार, आणि खाली नाचणाऱ्या मुली, वादक. एका बाजूला तो ओबेलिस्क कसा ओढून उभा केला तेही कोरलंय. इ.स. ३९० चा आहे.

---

निळी_शाई
शुक्रवार, रात्री ९:२२

@मेघदूत२, ओबेलिस्क, सर्पस्तंभ आणि तिसरा दगडी स्तंभ हे तिन्ही एका ओळीत आहेत ना? तीच ओळ मधल्या चौथऱ्याची. सर्पस्तंभ तर इ.स.पू. ४७९ च्या प्लॅटियाच्या विजयानंतर डेल्फीला वाहिलेला, कॉन्स्टंटाइनने उचलून आणला. दक्षिणेच्या टोकाकडे उतारावर गेलं की वळणाखालची प्रचंड गोल भिंत अजून उभी दिसते. मैदानावरचे चार ब्राँझचे घोडे १२०४ मध्ये क्रूसेडवाल्यांनी व्हेनिसला नेले, ते सेंट मार्कमध्ये बघायला मिळतात. आणि पोर्फिरियस या सारथ्याच्या पुतळ्यांचे दोन चौथरे तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. गडी निळ्यांकडूनही जिंकला आणि हिरव्यांकडूनही, आणि दोघांनीही त्याचे पुतळे उभारले. धाकट्या प्लिनीला हे दाखवायला हवं होतं.

---

सतरा_भानगडी
शनिवार, सकाळी ८:०८

आपल्याकडच्या शर्यतीचा कोणी विषय काढला नाही? वाजपेय यज्ञात रथांची शर्यत असते. शतपथ ब्राह्मणाच्या पाचव्या कांडात सगळा विधी आहे. यजमानाच्या रथासोबत आणखी सोळा रथ, म्हणजे एकूण सतरा. सतरा दुंदुभी वाजवायच्या. धावायचं अंतर सतरा बाणांच्या टप्प्याएवढं. टोकाला उंबराची फांदी रोवलेली, तिला वळसा घालून परत.

दार की वळण हा प्रश्न इथे येत नाही. यजमानच जिंकणार हे आधीच ठरलेलं. :)

---

आडवाट
शनिवार, सकाळी १०:४०

@सतरा_भानगडी, नीरोला हा यज्ञ कोणी सांगितला नाही हे बरं झालं!

त्याचं आणखी एक. थोरला प्लिनी लिहितो की रथाखाली सापडलेल्यांना रानडुकराच्या लेंड्यांचा लेप लावायचे, आणि नीरो त्याचीच राख पाण्यात घालून प्यायचा. सारथ्यांमधलाच एक दिसायची हौस.

---

हिशेबनीस
शनिवार, दुपारी १२:१५

एवढा पैसा म्हटल्यावर लबाडीही असणार. घोड्याला काही चारणं, चाकाची खीळ काढणं वगैरे? का सगळे साळसूद?

---

आडवाट
शनिवार, दुपारी ३:३०

@हिशेबनीस, खिळीची लबाडी ग्रीकांच्या कथेतच आहे. पेलॉप्सने राजा ओइनोमाउसला रथशर्यतीत हरवलं ते त्याच्या सारथ्याला फितवून. धातूच्या खिळीच्या जागी मेणाची बसवली, चाक निघालं, राजा मेला. काहींच्या मते ऑलिंपियाचे खेळ यावरूनच सुरू झाले, म्हणजे उद्घाटनच असं.

रोमन जगात मात्र लोकांचा जास्त भरवसा करणीवर. शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप कोरायचा, गुंडाळायचा, खिळा ठोकायचा आणि थडग्यात नेऊन टाकायचा, म्हणजे अकाली मेलेल्याचं भूत ते काम करील. उत्तर आफ्रिकेत, कार्थेज आणि हाड्रुमेटमला, असे ढिगाने सापडले आहेत. हाड्रुमेटमच्या एका पत्र्यावर भुताला सांगितलंय की हिरव्यांचे आणि पांढऱ्यांचे घोडे मार, आणि पुढे सारथ्यांची नावं: क्लॅरस, फेलिक्स, प्रिम्युलस, रोमानस. यांना आपटून मार, अंगात धुगधुगी ठेवू नकोस.

कार्थेजच्या एका पत्र्यात तर घोड्यांची नावं देऊन अख्ख्या शर्यतीची यादीच केलीय. त्यांचा वेग बांध, बळ बांध, उद्या सकाळी त्यांना दारातून बाहेर पडता येऊ नये, पुढे सरकता येऊ नये, खांबाला वळसा घालता येऊ नये, सारथ्यांसकट कोसळू देत.

---

ओवी_क
शनिवार, दुपारी ३:४५

बघा, वळण आहे त्यात! 'सारथ्यांसकट कोसळू देत' हे वळणानंतरच येतं.

---

आडवाट
शनिवार, दुपारी ४:०२

आणि दार आधी आहे.

---

घाटावरचा
शनिवार, संध्याकाळी ७:३५

तुमचं दोघांचं चालू द्या. घोड्यांबद्दल कोणी लिहा की. आमच्यात गाडामालकापेक्षा बैलाचं नाव मोठं असतं. मेला तर दहावं घालतात.

---

ओवी_क
शनिवार, रात्री ९:१०

@घाटावरचा, तिकडेही तसंच. चौघांतले मधले दोघे जुवाला, बाहेरचे दोघे नुसत्या दोरांवर. सगळी वळणं डावीकडे, म्हणून डावीकडचा बाहेरचा घोडा सगळ्यात शहाणा लागायचा. तोच खांबाला सगळ्यात जवळ, त्याने पाऊल आखडतं घ्यायचं आणि उजवीकडच्याने लांब टाकायचं. शिलालेखांत सारथी आपल्या घोड्यांची नावं देतात. डायोक्लिसच्याही दगडावर आहेत: पॉम्पेइयानस, लुसिडस, कोटिनस, गालाटा, अबिगेयस. सम्राट क्लॉडियसच्या काळात एकदा पांढऱ्यांचा सारथी दारातच रथातून फेकला गेला, तर घोड्यांनी सारथ्याशिवायच शर्यत मारली. समोरच्यांना अडवणं, कापणं, सगळं व्यवस्थित करून. (हो आडवाट, दारातच पडला, आणि तरी जिंकले. तुमच्या मुद्द्याचं काय ते तुम्हीच बघा.)

आणि अल्जेरियात एका श्रीमंताच्या हमामखान्यातल्या फरशीवर घोड्यांची चित्रं होती, प्रत्येकाचं नाव लिहून. त्यातल्या पॉलिडॉक्सस नावाच्या घोड्याशेजारी लिहिलं होतं: जिंक नाहीतर हर, आमचा जीव तुझ्यावरच.

---

घाटावरचा
शनिवार, रात्री ९:२५

हे गाड्याच्या बॅनरवर छापणार. धन्यवाद ताई.